रुआचा रिले

१

सगळं पापामुळे झालं. पाद्री काहीही सांगो, पोलीस कागदावर काहीही लिहो, दोष ताओकिया पापाचा. तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो, डीकन म्हणजे चर्चचा कारभारी आहे, पांढरा कोट घालतो, म्हणून त्याच्या तोंडावर कुणी बोलत नाही, एवढंच.

त्याचा धाकटा मुलगा नोरोआ त्याला तोंडावर अहो-जाहो करायचा. मनात अरे-तुरे.

शनिवारी संध्याकाळी पापा लंगडत शेडमध्ये आला. वळणावरच्या घरातल्या कुत्र्यांनी पुन्हा त्याची पोटरी धरली होती. रारोटोंगा बेटाच्या रस्त्यावर माणसाहून कुत्र्याचा हक्क मोठा आणि चालत्या बाईकमागे धावणं हे त्यांचं धर्मकार्य. पापाच्या बाईकचा हॉर्न म्हणजे म्हाताऱ्या बोकडाने खोकावं तसा. त्याला कोण भिणार?

"हा बसव," पापा म्हणाला आणि त्याने एक प्लास्टिकची पिशवी बाकावर टाकली.

पिशवीत दोन तोंडांचा हॉर्न होता. काळं अंग, लाल जाळी. सोबत काडेपेटीएवढा रिले आणि वायरचा गुंता. वायरच्या प्रत्येक टोकाला निळी टेप.

निळी टेप बघून नोरोआच्या हातातला पाना थांबला. त्या घरात निळी टेप एकच माणूस वापरायचा.

"हा रुआचा आहे."

"होता."

"हा तर डब्यात घातला होता ना? आईने स्वतः घातला. टॉवेलात गुंडाळून. मी बघितलंय."

"तिने घातला. मी काढला."

"मग डब्यात काय गेलं, पापा?"

"गोटे," पापा म्हणाला. "किनाऱ्यावरचे. वजन बरोबर भरलं. कुणाला कळलं का? नाही ना? मग."

त्यांच्या घराण्यात रीत होती. माणसाचा हात ज्या वस्तूवरून रोज फिरला, ती त्याच्याबरोबर द्यायची. आजोबांबरोबर त्यांचा मासे मारायचा भाला गेला होता, आत्याबरोबर तिची कात्री. नोरोआचा थोरला भाऊ रुआ गेल्या वर्षी वळणावर बाईकवरून पडून मेला, तेव्हा त्याच्याबरोबर हेल्मेट गेलं, बूट गेले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात हा हॉर्न गेला. म्हणजे गेला असं सगळ्यांना वाटलं. पापाने तो डबा दोन्ही हातांवर धरून, डोळे मिटून, प्रार्थना म्हणत खाली उतरवला होता. बायका रडत होत्या. डब्यात गोटे होते.

"चांगली वस्तू मातीत कशाला घालायची?" पापा आता समजुतीच्या सुरात आला होता. "ऑकलंडहून जहाज कधी येतं, काय आणतं, तुला माहितीये. साध्या फ्यूजसाठी महिना थांबतोस. मेल्या माणसाला हॉर्न वाजवून कुणाला बाजूला करायचंय?"

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं नोरोआने ऐकलं होतं. आपण त्यातल्याच एकाचं आडनाव लावतो, हे त्याला तेव्हा कळलं.

"आणि आईने ऐकला तर?"

पापाने खांदे उडवले. "ऐकला तर बरंच. उठेल तरी."

इथेच नोरोआ फसला. कारण त्यालाही तेच हवं होतं. रुआ दर रविवारी दुपारच्या प्रार्थनेआधी मित्रांकडून परतायचा आणि रस्त्यावरच्या फणसाच्या झाडापाशी हॉर्न द्यायचा. दोन आखूड, एक लांब. तो ऐकला की आई विणलेली पांढरी टोपी डोक्यावर दाबत, हसत बाहेर यायची आणि त्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसायची. रुआ गेल्यापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीतून उठली म्हणजे फक्त न्हाणीपर्यंत. मांडीवर अर्धी गोधडी, गोधडीवर लाल फूल, फुलात सुई. सुई वर्षभर त्याच टाक्यात होती. हाक मारली तर ऐकू जायची नाही. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत.

आई उठावी. नोरोआला दुसरं काही नको होतं.

"उद्या दुपारच्या प्रार्थनेला जाताना वाजला पाहिजे," पापा म्हणाला.

"उद्या रविवार आहे. रविवारी काम करायचं नसतं, तुम्हीच सांगता."

"हातोडी नाही ना मारायची? आवाज झाला नाही म्हणजे ते काम नव्हे."

२

रविवारी सकाळची प्रार्थना झाली, भट्टीतलं डुकराचं मांस आणि टारोचे कंद जेवून झाले आणि पापा कोट खुंटीला लावून घोरायला लागला. सगळं गाव त्या वेळी झोपतं. रस्त्यावर बाईक नाही, समुद्र दूर प्रवाळाच्या कड्यावर आपटतो तो आवाज तेवढा. कोंबड्या झाडाखाली धुळीत पंख पसरून पडलेल्या.

नोरोआ उघड्या अंगाने शेडमध्ये बसला. शेडला भिंत तीनच बाजूंना. चौथीकडून अंगण दिसायचं: रुआच्या कबरीच्या पांढऱ्या टाइल्स, त्यावर पत्र्याचं छोटं छप्पर, त्यामागे घराची काचपट्ट्यांची खिडकी आणि खिडकीत आईच्या कपाळाचा तुकडा.

काम सोपं होतं. मोठ्या हॉर्नला करंट जास्त लागतो. तो हँडलच्या बारीक वायरीतून ओढला तर बटण जळतं. म्हणून मध्ये रिले टाकायचा. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी सोडवायच्या आणि रिलेच्या दोन पायांना लावायच्या. तिसऱ्या पायाला बॅटरीकडून जाड लाल वायर, तिच्यात फ्यूज. चौथ्या पायातून वायर नव्या हॉर्नला. बटण दाबलं की रिलेच्या पोटात एक पट्टी खेचली जाते, टक. सोडलं की पट्टी मागे येते, टुक, जरा हळू. बटणाने नुसता इशारा करायचा, बोंब दुसरीकडून उठते.

हे त्याला रुआनेच शिकवलं होतं. "बटण म्हणजे पापा," रुआ म्हणायचा, "आणि हॉर्न म्हणजे आपण दोघं गाढवं."

नोरोआने बॅटरीची वायर आधीच सोडून ठेवली होती. रुआची दुसरी शिकवण. लाल वायर सीटखालून ओढली, रिलेचे पाय पॉलिश पेपरने घासले, निळी टेप मात्र काढली नाही. रिले बाजूला सीटवर ठेवून तो हॉर्नची पट्टी कसायला वाकला.

टक-टुक.

त्याने वर बघितलं नाही. पाल असेल. इथल्या पाली बोलतात तशा.

टक-टुक.

मग टक. आणि मग काहीच नाही. मग, बऱ्याच वेळाने, टुक.

पाल असं करत नाही. पाल तिची कटकट एका दमात संपवते. नोरोआ पाना हातात धरून तसाच बसून राहिला. शेवटच्या टक आणि टुकच्या मध्ये जी जागा होती, तिच्यात कुणीतरी अंगठा दाबून धरला होता.

रिले सीटवर पडला होता. एकही वायर लावलेली नव्हती.

३

ऊन, त्याने स्वतःला सांगितलं. पत्रा तापला की कडकडतो, प्लास्टिक तापलं की टकटकतं. सीट काळी, रिले काळा. रुआच्या अपघातात आत काही सैल झालं असेल. सुटी पट्टी हलली की वाजणारच. शाळा सोडली तरी एवढं विज्ञान त्याला येत होतं.

त्याने रिले उचलून कानाशी हलवला. काही सैल नव्हतं. थंड होता. भर दुपारी काळ्या सीटवर पडलेली वस्तू थंड का असावी, याला त्याच्याकडे विज्ञान नव्हतं. त्याने तो सावलीत, बाकावर ठेवला आणि पुन्हा पट्टीकडे वळला.

टक-टुक. टक-टुक. टक.

या वेळी तो बघत होता. रिले हलत नव्हता. लाकडी बाकावर गप्प बसला होता आणि त्याच्या पोटातून आवाज येत होता.

टुक.

"नोरोआ."

तो दचकला. आईचा आवाज इतक्या दिवसांत त्याने असा ऐकलाच नव्हता. हाक मारण्याचा आवाज, भांडी घासता घासता द्यावा तसा.

तो धावत खिडकीपाशी गेला. काचपट्ट्यांच्या फटीतून आईचे डोळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्याकडे, आरपार नव्हे.

"काय गं?"

"रुआ आला ना?"

त्याच्या पाठीमागे, सरळ तिच्या नजरेसमोर, कबर होती. तिच्या एका टाइलवर कोंबडी झोपली होती.

"आज इतका हळू का वाजवतोय?" आई म्हणाली. "हॉर्न बिघडला का त्याचा?"

शेडपासून खिडकी लांब होती. मध्ये अख्खं अंगण. कुणी त्या अंतरावरून काडी मोडली तर ऐकू येणार नाही. आणि या बाईच्या कानाशी ताट आपटलं तरी तिची पापणी हलत नव्हती.

"बघून दे त्याला नीट करून," आई म्हणाली. "तुला येतं ना आता?" आणि मांडीवरच्या गोधडीकडे वळून तिने सुई उपसली. वर्षभर एका टाक्यात अडकलेली सुई. धागा कुजला होता, तटकन तुटला.

नोरोआला वाटलं, ओरडावं. त्याच क्षणी त्याला वाटलं, नाचावं. आई बोलली होती. एवढं नक्की होतं, बाकी सगळं उन्हावर ढकलता येत होतं.

तो शेडमध्ये परतला आणि जुळणी पुरी करायला लागला. तिथेच थांबायला हवं होतं. तो थांबला नाही.

४

"झालं का?"

पापा लुंगीत, डोळे चोळत आला. नोरोआ जमिनीवर बसला होता. सगळ्या वायरी लागल्या होत्या, रिले त्याच्या जागी टाकीखाली बसला होता. फक्त फ्यूज त्याने हातात ठेवला होता.

"पापा, हा नको बसवायला."

"का?"

"तो आपोआप वाजतोय. रिले. बॅटरी नसताना."

पापाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं तो चर्चच्या दानपेटीतल्या फाटक्या नोटेकडे बघायचा. "शाळा सोडलीस, आता बुद्धीही सोड."

"आईने ऐकला. ती बोलली. तुम्ही विचारा तिला."

"बोलली? मग रडतोस कशाला? मी म्हटलंच होतं."

"वाजत नव्हता तेव्हा ऐकला तिने, पापा! आपण हा त्याला देऊन टाकू. टाइल काढू एक, आत ठेवू. मी परत बसवतो, कुणाला कळणार नाही."

"रविवारी खणायचं?" पापाचा आवाज चढला. "चर्चला जाणाऱ्या लोकांसमोर? काय सांगू त्यांना, डीकनने पोराच्या डब्यात गोटे घातले होते?" त्याने नोरोआच्या मुठीतून फ्यूज काढून घेतला, तो बसवला, बॅटरीची वायर स्वतः जोडली, किल्ली फिरवली आणि बटणावर अंगठा ठेवला.

नोरोआने कानांवर हात घेतले.

हॉर्न वाजला. काय वाजला! कोंबड्या फडफडून उडाल्या, गल्लीतली कुत्री शेपट्या घालून पळाली, डोंगराकडून प्रतिध्वनी आला. पापा लहान मुलासारखा हसला. पुन्हा दाबला. पुन्हा.

"बघ! ह्याला म्हणतात हॉर्न! आणि हा मातीत घालायचा म्हणे."

नोरोआ खिडकीकडे बघत होता. आईने मान वर केली नाही. बाजूच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली, पण आईने मान वर केली नाही. ती सुईत नवा धागा ओवत होती, जीभ दातांत धरून.

"ए उपोकिना! ऐकलंस का?" पापाने हाळी दिली.

"कोण वाजवतंय ते?" आई आतून म्हणाली, जरा वैतागून. "रुआ नाही तो."

पापाचं हसू विरलं. मग त्याने पोटरीवरची पट्टी नीट केली, किल्ली काढून लुंगीच्या घडीत खोचली आणि म्हणाला, "मी आंघोळ करतो. बाईक पुसून ठेव."

तो आत गेला तसा नोरोआने फ्यूज उपटला. मग बॅटरीची वायरही सोडवली. दोन्ही केलं की माणसाला बरं वाटतं.

५

बाईक पुसताना तो आवाज पुन्हा आला. आता टाकीखालून.

टक-टुक. टक-टुक. टक...

नोरोआ फडकं हातात घेऊन वाट बघत राहिला. अंगठा या वेळी सुटतच नव्हता. दुसऱ्या कुणाची तरी घाई त्याला आपल्या पोटात जाणवली. चल की. किती वेळ?

...टुक.

घरात खुर्ची सरकली.

आई दारात आली तेव्हा तिने पांढरा झगा घातला होता, रुआ जाण्याआधीचा. कडेला घडीच्या रेषा पिवळ्या पडल्या होत्या. केसांना नारळाचं तेल लावून ती पायरीवर बसली आणि बूट घालायला लागली. बूट सैल झाले होते. पाय बारीक झाले होते.

"आई, कुठे?"

"कुठे म्हणजे? रविवार आहे. दूर हो, ग्रीसचा वास येतोय तुझ्या अंगाला. माझा झगा पांढरा आहे."

"थांब, मी पण येतो. शर्ट घालतो. पापा आणि तू बाईकवर जा, मी चालत येतो."

"त्याच्यामागे कोण बसेल?" आई हसली. खरंच हसली, खालचा ओठ दुमडून, तिच्या त्या जुन्या हसण्याने. "तुझा बाप बाईक चालवतो म्हणजे कुत्र्यांना जेवायला बोलावतो. तू थांब घरी. रुआ न्यायला येतोय."

नोरोआच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला ती अशीच हवी होती, टोमणे मारणारी, तेलाच्या वासाची. त्याने ठरवलं असतं तर तिचा हात धरून तिला आत नेता आलं असतं. पण आत म्हणजे पुन्हा त्या खुर्चीत. म्हणून त्याने तिच्याऐवजी रिलेकडे हात घातला.

टाकीखालून त्याने चारही वायरी खेचून काढल्या आणि रिले तळहातावर घेतला. आता त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. काळा, थंड, निर्जीव डबा.

टक, तळहातात.

नाडी लागावी तसा. टुक. टक-टुक. त्याने मूठ आवळली. मुठीत कुणीतरी आतून दाबत होतं, दमाने, ओळखीने, चालत्या बाईकवर अंगठा टेकवावा तसं. टक. आणि धरून ठेवलं.

आणि त्याच वेळी रस्त्यावरून, फणसाच्या झाडाच्याही पलीकडून, वळणाकडून, आवाज आला.

६

तो हॉर्न नव्हता. हॉर्न इथे होता, बाईकला, मुका.

तो पत्र्याच्या डब्याचा आवाज होता. डब्यात गोटे भरून कुणी हलवावा तसा. खळ. खळ. मग लांब, थांबत थांबत, दम लागल्यासारखा: खळखळखळ.

मुठीतला रिले टुक झाला आणि गोटे थांबले.

सावलीतली कुत्री उठली. भुंकली नाहीत. एकामागून एक घराच्या मागच्या बाजूला निघून गेली.

आईने खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर दाबली. "आला," ती म्हणाली आणि कबरीला वळसा घालून फाटकाकडे चालायला लागली. भरभर. सैल बूट वाजत होते.

"आई!"

नोरोआ धावला. पायरीपाशी पापाने त्याचा दंड धरला. पापा आंघोळ करून आला होता. अंगात पांढरा कोट, गळ्याशी बटण, हातात बायबल.

"कुठे चाललास उघड्याने?"

"सोडा! आई बाहेर गेली!"

"मग जाऊ दे की, चालतेय ती! देवाची कृपा. तू शर्ट घाल. लोक चर्चला निघालेत, डीकनचा पोरगा नागडा रस्त्यावर? काय म्हणतील?"

"पापा, तो आवाज ऐका! ऐका ना!"

"घाल शर्ट आधी!"

नोरोआ धडपडला. पापाची पकड म्हाताऱ्याची नव्हती. नारळ सोलून सोलून घट्ट झालेले हात ते. चर्चची घंटा झाली. रस्त्यावर खरंच लोक असतील, टोप्या घालून, पोरांचे हात धरून. पापाच्या चेहऱ्यावर त्या लोकांचीच काळजी होती, दुसऱ्या कशाची नव्हती.

आणि मग गोटे पुन्हा वाजले. फाटकाशी. अगदी जवळ.

खळ. खळ. खळखळखळ.

पापाने तो आवाज ओळखला. तो ओळखू शकणारा जगात एकच माणूस होता. त्याच्या तोंडाचा रंग गेला. बोटं सुटली. बायबल पायरीवर पडलं आणि त्याने ते उचललंही नाही.

नोरोआ फाटकाबाहेर पोचला तेव्हा रस्ता रिकामा होता. डावीकडे रिकामा. उजवीकडे वळणापाशी आईचा झगा पांढरा दिसला.

ती चालत नव्हती. बसली होती. जमिनीपासून मागच्या सीटच्या उंचीवर, एका बाजूला पाय सोडून, दोन्ही बूट एकमेकांना जुळवून, आणि दूर चालली होती. इंजिनाचा आवाज नव्हता. एका हाताने टोपी धरली होती. दुसरा हात समोरच्याच्या कमरेभोवती होता.

समोर काय होतं ते त्याला दिसलं नाही, कारण ऊन वळणावर सरळ डोळ्यांत येत होतं. तो पुढेही स्वतःला हेच सांगत राहिला, ऊन होतं. पण आईचा तो दुसरा हात त्याने बघितला. तो फक्त मनगटापर्यंत दिसत होता. मनगटाच्या पुढचा कशात तरी रुतला होता, ओल्या मातीत हात घालावा तसा.

वळणावर तिने मान वळवली नाही. मुठीतला रिले एकदा टक झाला आणि टुक झालाच नाही.

७

त्या बेटाला मोठा रस्ता एकच, समुद्राच्या कडेने, गोल. जो निघतो तो फिरून त्याच दारात येतो. नोरोआ डावीकडे तोंड करून फाटकाशी उभा राहिला. उजवीकडे गेलेलं माणूस डावीकडून येणार, यात शंका घ्यायला जागा नव्हती. तो शर्ट न घालता उभा राहिला. चर्चला जाणारे लोक त्याच्याकडे बघून माना वळवून गेले.

दुपारची प्रार्थना संपली. ऊन उतरलं. आई आली नाही.

पलीकडच्या गावातली तुआइने नावाची बाई दुसऱ्या दिवशी केळी घेऊन आली. तिला काही माहीत नव्हतं. "काल उपोकिनाला बघितलं," ती आनंदाने म्हणाली. "किती दिवसांनी! मी हात केला, तिनेही केला. तुझ्याच मागे बसली होती ना? फक्त तो खडखडाट बघ रे बाबा, बाईकचं काहीतरी सुटलंय." मग तिने नोरोआच्या तोंडाकडे बघितलं आणि केळी खाली ठेवली.

तिच्याही पुढच्या गावात खडखडाट ऐकलेले लोक होते. त्याच्या पुढच्या गावात कुणी काही ऐकलं नव्हतं. मधे नारळीच्या बागा, एक ओढा, एक बंद पडलेलं दुकान. पोलिसांनी ओढा बघितला, होड्यांनी प्रवाळाच्या आतलं पाणी बघितलं. टोपीसुद्धा मिळाली नाही.

पापाने पोलिसाला सांगितलं की ती दुःखाने भ्रमिष्ट झाली होती आणि समुद्रात गेली. चर्चमध्येही तेच सांगितलं, उभं राहून, आवाज न कापता. नोरोआ मागच्या बाकावर होता. "गोटे सांगा," तो मोठ्याने म्हणाला. "डब्यातले गोटे सांगा त्यांना." लोकांनी त्याला बाहेर नेलं, प्रेमाने, दुःखात पोरगं बिचारं, असं म्हणत.

त्याच आठवड्यात त्याने कबरीची एक टाइल फोडली, हात जाईल एवढं भोक पाडलं आणि हॉर्न आत ढकलला. रिले ढकलता आला नाही. भोकाशी नेला की तो त्याच्या हातात टक-टुक करायला लागायचा, दोन आखूड, एक लांब. आणि आता त्या लांबच्या जागी एकाचा नव्हे, दोघांचे अंगठे असावेत इतका तो लांबत चालला होता. नोरोआने तो शेडमधल्या खिळ्यावर टांगला. पापा शेडमध्ये येईनासा झाला. रविवारी दुपारी तो घरात दारं लावून, कोट घालून, कानांत बोळे घालून बसतो. चर्चला चालत जातो, वळण टाळून, आतल्या कच्च्या रस्त्याने.

खिडकीत खुर्ची आहे. गोधडी खुर्चीवर आहे, फुलात नव्या धाग्याचे थोडे टाके.

एक चांगला रिले वाया जाऊ नये म्हणून पापाने तो ठेवून घेतला. त्यात त्याची बायको गेली.